खोदण्याआधी फोन करा: अमेरिकेतल्या ८११ मागची पार्श्वभूमी

अमेरिकेत अंगणात झाड लावायला खड्डा घ्यायचा तरी आधी ८११ ला फोन लावायचा असतो, पैसे पडत नाहीत, मग दोन-तीन दिवसांत ज्यांच्या लाइनी तिथून जातात त्यांची माणसं येऊन जमिनीवर रंगाच्या रेघा मारून जातात, गॅसला पिवळी, विजेला लाल, पाण्याला निळी, टेलिफोन-इंटरनेटला केशरी. पण ही सोय व्हायला किती माणसं जावी लागली ते वाचलं की राग येतो.

१९६५ ला लुइझियानात नॅकिटोशजवळ गॅसची लाइन फुटून १७ जण गेले, त्यानंतर कुठं १९६८ ला केंद्राचा पहिला गॅस पाइपलाइन सुरक्षा कायदा आला. त्यात भर लाइनवाल्या कंपनीवर होता. दुसऱ्याच कुणाचा तरी जेसीबी येऊन पाइपला लागला तर काय, हे बरीच वर्षं राज्यांवरच सोडलेलं.

मग बेलिंगहॅम झालं, वॉशिंग्टन राज्यात. १९९४ ला तिथल्या जलशुद्धीकरण केंद्राच्या कामात मशीन पेट्रोलच्या पाइपला लागलं, पाइप फुटला नाही, नुसता खरचटला, त्यामुळं काम पुढं चालू राहिलं. १९९६-९७ ला आतून तपासणी केली तेव्हा त्या जागी काहीतरी गडबड दिसली होती, तरी कंपनीनं तिथं खोदून बघितलं नाही! १० जून १९९९ ला दाब वाढला आणि पाइप तिथंच फुटला, जवळजवळ ९ लाख लिटर पेट्रोल ओढ्यात गेलं, वाफेनं गुंगी येऊन मासे पकडणारा १८ वर्षांचा मुलगा बुडाला आणि भडका उडाला त्यात १०-१० वर्षांची दोन पोरं गेली. खरचटल्यावर पाइपला पाच वर्षं काहीच झालं नाही, म्हणून तर असलं नुकसान भयंकर.

या प्रकरणानंतर २००२ चा कडक कायदा आला, त्यातच देशभरासाठी एकच तीन आकडी नंबर करा असं सांगितलं होतं, २००४ ला पाइपलाइन सुरक्षेसाठी फिम्सा ही वेगळी संस्था झाली, आणि मे २००७ ला ८११ चालू झाला. माझ्या मते खरं काम २००६ च्या कायद्यानं केलं, मशीन पाइपला लागलं तर खोदणाऱ्यानं लगेच लाइनवाल्याला कळवायचं आणि गॅस किंवा तेल बाहेर येत असेल तर ९११ या तिथल्या आणीबाणीच्या नंबरला.

आपल्याकडं २२ मार्च २०२३ ला 'कॉल बिफोर यू डिग' ॲप आलं, तेही दूरसंचार खात्याकडून, कारण खोदकामात फायबर केबली तुटून वर्षाला ३००० कोटींचं नुकसान होतं असं तेव्हा सांगितलं होतं. कुठं खोदणार ते ॲपवर टाकलं की तिथल्या केबल-पाइपवाल्यांना मेसेज जातो. पण मुंबई-पुण्यात आता गल्लोगल्ली पाइप गॅस आहे, तेव्हा महापालिकांनी रस्ता खोदाईची परवानगी देतानाच कंत्राटदाराकडं ॲपवरच्या नोंदीचा पुरावा मागावा, आणि पाइपला नुसतं खरचटलं तरी कळवायची अट त्याच परवानगीत घालावी.