ठाण्याच्या हवेतला ओझोन वरून येतो का?

मार्चच्या दुपारी घोडबंदर रोडच्या हवेतला ओझोन वाढला, की तो वरच्या थरातून झिरपला असेल अशी शंका येते. वातावरणातला सुमारे ९० टक्के ओझोन स्थितांबरात, म्हणजे त्या वरच्या थरात, असल्यामुळे ती रास्तच आहे. पण ठाणे १९ अंश उत्तर अक्षांशावर. इथे तपांबर, म्हणजे जमिनीपासून सुरू होणारा हवेचा खालचा थर, १६-१७ किलोमीटरपर्यंत पोचते आणि त्या सीमेवर हवा सावकाश वर चढते. उतरते ती मध्य आणि ध्रुवीय अक्षांशांत.

भारतात ती खाली घुसते मुख्यतः उत्तरेला. हिवाळ्यात हिमालयालगत जेट वारे, म्हणजे खूप उंचावरचे वेगवान वारे, वाहतात. त्यांच्या कडेला दोन थरांमधली सीमा दुमडते आणि ओझोनने भरलेली कोरडी हवा खाली घसरते. ती ओळखायची खूण सोपी: ओझोन वाढताना बाष्प आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही घटतात. कार्बन मोनॉक्साइडही सोबत वाढत असेल, तर संशय धुरावर घ्यावा. जगभरात तपांबरात रासायनिक क्रियांनी वर्षाला सुमारे ५०० कोटी टन ओझोन बनतो. वरून येतो साधारण ५० कोटी टन.

ठाण्यापुरता वरच्या थराचा खरा अंमल उजेडावर चालतो. आपल्या डोक्यावरचा सगळा ओझोन जमिनीवरच्या दाबाला आणला, तर थर जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचा! तो ३२० नॅनोमीटरखालचे बहुतेक अतिनील किरण अडवतो. जे निसटतात ते खालच्या ओझोनचे रेणू फोडतात. सुटलेला ऑक्सिजनचा अणू बाष्पाला भिडला की हायड्रॉक्सिल हा अतिशय क्रियाशील कण तयार होतो. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणाऱ्या स्वच्छ, दमट हवेत या क्रियेने ओझोन घटतो. गाड्यांच्या नायट्रोजन ऑक्साइडांनी भरलेल्या हवेत मात्र तोच हायड्रॉक्सिल पेट्रोलच्या वाफांवर काम करून उन्हात नवा ओझोन घडवतो. म्हणजे वरचा पडदा विरळ झाला, तर समुद्रावर ओझोन घटेल आणि शहरात वाढेल.

भर नाक्यावर ओझोनचा आकडा कमी दिसला तर हुरळू नये. धुरातला ताजा नायट्रिक ऑक्साइड तिथल्या तिथे ओझोन खातो. वाऱ्याच्या दिशेने पुढे, मुंबईची हवा खाडी ओलांडून नवी मुंबईत पोचेपर्यंत तो पुन्हा तयार होऊ शकतो. आपल्याकडची ओझोनची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अब्जात सुमारे ५० भाग. मोजणारे यंत्र २५४ नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला जातो ते पाहते. हवा आत नेणारी नळी टेफ्लॉनची लागते. नळीत किंवा गाळणीत धूळ साचली, तर ओझोन वाटेतच नष्ट होतो आणि बिघडलेली हवाही चांगली दिसते.