गीझरवरचे तारे नेमके कशाचे?

२००६च्या मे महिन्यात विजेच्या उपकरणांवर, कोणतं किती वीज वाचवतं हे दाखवणारे एक ते पाच तारे लावण्याची योजना देशात सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्र भारनियमनाने बेजार झाला होता. शहरात वीज जाण्याच्या वेळा वर्तमानपत्रात छापून यायच्या, खेड्यात तर वीज येण्याच्याच वेळा लक्षात ठेवाव्या लागायच्या. दळण, मोटार, मुलांचा अभ्यास सगळं त्या वेळांभोवती फिरायचं. योजनेच्या मागचा ऊर्जा संवर्धन कायदा २००१चा, तो लागू झाला मार्च २००२ पासून. पण उपकरणाची निवड ग्राहकाने विजेकडे बघून करायची, ही गोष्ट आपल्याकडे रुजली ती त्या काळोख्या संध्याकाळींमुळे, असं मला ठामपणे वाटतं.

सुरुवात झाली फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आणि ट्यूबलाइटपासून, आणि तीही ऐच्छिक. जानेवारी २०१०मध्ये सक्ती आली. त्या पहिल्या यादीत फ्रिज, एसी, ट्यूबलाइट आणि वितरण रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) होतं. गीझर नव्हता. वास्तविक दोन किलोवॉटचा गीझर चालू झाला की जुन्या चाळीस वॉटच्या पन्नास ट्यूबलाइट एकदम लावल्यासारखं होतं, आणि तो चालू होतो सकाळी, सगळ्या घरांत जवळजवळ एकाच वेळी. तरीही साठवणीच्या गीझरवरचे तारे बराच काळ कंपनीच्या मर्जीवर राहिले आणि सक्ती व्हायला दशकाचा मध्य उजाडला.

त्याच्या आधीचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये गॅसवर पाणी तापवणारं यंत्र निघालं. आइसलँडच्या उष्ण कारंज्यांवरून त्याचं नाव ठेवलं, आणि तेच नाव आपल्याकडे विजेच्या टाकीला चिकटलं. आपल्या घरांत मात्र तेव्हा आणि नंतरही कित्येक दशकं बंब होता. तांब्याचा, मधोमध नळकांडं, खाली राख पडायची जाळी, आणि वरून गार पाणी ओतल्याशिवाय तोटीतून गरम पाणी न येणारा. माझ्या आजोळी त्यात गोवऱ्या आणि नारळाच्या करवंट्या जळायच्या. किती जळण लागलं हे डोळ्यांना दिसायचं. गीझरमध्ये ते दिसेनासं झालं, आणि मोजमापाची गरज खरी तिथून निर्माण झाली.

आता मुद्द्याची गोष्ट. गीझरवरचे तारे ज्या आकड्यावर ठरतात त्याला ‘स्टँडिंग लॉस’ म्हणतात. टाकी भरायची, आतलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा ४५ अंशांनी गरम ठेवायचं, चोवीस तास एक थेंबही काढायचा नाही, आणि तेवढी उष्णता टिकवायला किती युनिट गेली ते मोजायचं. म्हणजे हा आकडा टाकीच्या आवरणाचा आहे. पाणी तापवायला किती वीज लागते, हे त्यात कुठेच येत नाही. दुकानात मात्र सर्रास सांगितलं जातं, ‘पाच स्टार घ्या, पाणी कमी विजेत तापतं.’ हे खरं नाही. कॉइल एक ताऱ्याची असो की पाच ताऱ्यांची, ती जवळजवळ सगळी वीज पाण्यातच उतरवते. पंचवीस लिटर पाणी वीस अंशांवरून साठवर न्यायला सुमारे १.१६ युनिट लागतात, आणि हा नियम निसर्गाचा आहे, कुठल्याही कंपनीला तो मोडता येत नाही.

तारे ठरवणाऱ्या मूळ तक्त्यात पंचवीस लिटरच्या गीझरला एक ताऱ्यासाठी चोवीस तासांत कमाल १.३८६ युनिटची मुभा होती. पाच ताऱ्यांसाठी ती बरोबर निम्मी, ०.६९३. गीझर दिवसभर चालू ठेवणाऱ्या घरात वर्षाला जवळपास अडीचशे युनिटांचा फरक पडतो. पण आपल्याकडे दिवसभर गीझर चालू ठेवतं कोण? ‘गीझर बंद केलास का?’ हा प्रश्न ज्या घरात रोज विचारला जातो, तिथे बटण तासभर चालू असतं. त्या एका तासापुरता हिशेब केला तर फरक दिवसाला ०.०३ युनिटाच्या आसपास, म्हणजे वर्षभरात दहा-अकरा युनिटं. एवढ्यासाठी हजार-दीड हजार रुपये जास्त मोजायला सांगणं हा ग्राहकावर अन्याय आहे.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. बटण बंद केल्यावरही टाकीत पाणी उरतं, आणि ते किती काळ गरम राहील हे आवरणच ठरवतं. सत्तर अंशांवर बंद केलेली भरलेली टाकी, बाहेर पंचवीस अंश धरून, बारा तासांनी पाहिली तर मूळ तक्त्यातल्या पाच ताऱ्यांच्या टाकीत साधारण एकोणसाठ अंश उरतात. एक तारा जेमतेम मिळालेल्या टाकीत एक्कावन्न. सकाळचं उरलेलं पाणी संध्याकाळी वापरणाऱ्या घराला हा फरक जाणवतो. शिवाय ही चाचणी सोपी आहे, कुठल्याही प्रयोगशाळेत सारखीच येते, आणि तिच्यामुळे जाड पफचं (पॉलियुरेथेन फोमचं) आवरण सर्रास झालं. पुढे तक्ता आणखी कडक होत गेला. हे श्रेय नाकारण्याचं कारण नाही.

पण इतरत्र वेगळा रस्ता निवडला गेला होता, आणि तो आपल्यासमोर होता. अमेरिकेत वॉटर हीटरची सक्तीची किमान मर्यादा १९९०पासून आहे आणि तिच्या चाचणीत दिवसभरात ठरावीक पाणी प्रत्यक्ष काढलं जातं. युरोपात २०१५च्या सप्टेंबरपासून आलेल्या लेबलवर तर लहान-मोठ्या कुटुंबाच्या वापराचे नमुने आखलेले आहेत आणि गीझर त्या नमुन्यावर तपासला जातो. आपला नमुना याहून कितीतरी सोपा असता. बादली! वीस लिटर, वीस अंशांवरून चाळीसवर, म्हणजे अर्ध्या युनिटाला थोडं कमी. घरात चार माणसं असली तर चार बादल्या. हा आकडा लेबलवर असता तर कुणालाही कळला असता.

बादली मोजली नाही म्हणून आणखी एक गोष्ट झाली. तीन लिटरचा, तीन किलोवॉटचा इन्स्टंट गीझर ताऱ्यांच्या बाहेर राहिला, कारण त्यात पाणी साठून राहतच नाही. छोट्या फ्लॅटमध्ये आज तोच लागतो. त्याच्या खोक्यावर आयएसआयची खूण असते आणि गिऱ्हाईक तिलाच बचतीची हमी समजतं. मुळात ती खूण आधी सुरक्षिततेची. आणि साठवणीच्या गीझरचा सुरुवातीचा एक तारा म्हणजे आयएसआय मानकातलीच कमाल मर्यादा होती, त्यापलीकडे फारसं काही नाही.

खरी मोठी बचत आवरणात नव्हतीच. गच्चीवरच्या सौर बंबाला पुण्यात मालमत्ता करात सवलत मिळते आणि नव्या इमारतींत तो बसवण्याची अटही अनेक शहरांनी घातली. हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालणारा हीट पंप त्याच बादलीला साध्या कॉइलच्या तिसऱ्या हिश्श्याइतक्या विजेत तापवू शकतो, आणि कोकण-गोव्याच्या उबदार हवेत तर तो जास्तच चांगला चालतो. स्टँडिंग लॉसच्या तक्त्यात मात्र या तिघांना शेजारी उभं करायला जागाच नाही. दुकानात भिंतीवर पाच तारे लावलेली कॉइलची टाकी असते, आणि तिच्याहून कितीतरी कमी वीज घेणारं यंत्र कोपऱ्यात उभं असलं तरी गिऱ्हाइकाला त्या दोघांतला फरक सांगणारा एकही आकडा दिसत नाही.