पोटात नेमकं काय दुखतं?

धाकट्या जावेचा फोन आला. ‘ताई, लेकीला जर्मनीत ॲडमिशन मिळाली!’ मी ‘अगं वा’ म्हटलं, पेढे कधी ते विचारलं आणि फोन ठेवल्यावर ओट्यापाशी उगाच भांडी आपटली. माझा मुलगा त्याच महिन्यात दुसऱ्यांदा नापास झाला होता. पुढचे चार महिने मी तिच्या घरी गेले नाही. कधी गुडघे, कधी पाहुणे, कधी पाऊस.

दुसऱ्याचं बरं झालं की ‘पोटात दुखतं’ असं आपण म्हणतो. ते दुखणं मेंदूतही दिसतं. जपानमधले संशोधक हिदेहिको ताकाहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली १९ जणांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. आपल्याच वाटेवरचं, आपल्याला हवं तेच मिळवलेलं माणूस समोर कल्पिलं, की मेंदूच्या मधोमध पुढच्या बाजूचा एक पट्टा जास्त सक्रिय होई. शरीराला वेदना होतात तेव्हाही हाच पट्टा जागा होतो. पुढचं निरीक्षण वाचताना मला अवघडल्यासारखं झालं. त्याच माणसावर संकट आल्याचं वाचलं, की आवडता खाऊ मिळाल्यावर जो भाग सुखावतो तो सुखावे. आणि आधीचं दुखणं जितकं जास्त, तितकं हे सुखही जास्त.

पण जावेचंच का दुखावं? पेपरात कुणाच्या तरी कोट्यवधींच्या बंगल्याचे फोटो येतात, ते मी चहा पीत बघते. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं होतं की माणूस स्वतःचं मोजमाप आपल्यासारख्या माणसांशीच करतो. पुढे १९८० मध्ये अब्राहम टेसर आणि जोनाथन स्मिथ यांनी शब्द ओळखण्याचा खेळ मांडला. हा नुसता खेळ आहे असं सांगितलं, तेव्हा लोकांनी मित्राला सोपे संकेत दिले. यातून तुमची महत्त्वाची कुवत कळते असं सांगितलं, तेव्हा मित्राला अनोळखी माणसापेक्षाही अवघड संकेत मिळाले! जवळचं माणूस आणि जिव्हाळ्याचा विषय एकत्र आले की ठिणगी पडते. पन्नाशीच्या आसपास आपल्याकडे असे विषय दाटीने येतात: मुलांचे निकाल, त्यांची लग्नं, कुणाचा फ्लॅट, कुणाची तब्येत. त्यातही स्वतःचं काही करायचं राहून गेलेल्या बाईला मुलांचे गुण हेच आपलं प्रगतिपुस्तक वाटू लागतं. मला तरी वाटत होतं.

‘बायकांची जातच जळकी’ हे मात्र खरं नाही. क्रिस्टीन हॅरिस आणि निकोल हेनिगर यांच्या अमेरिकेतल्या पाहणीत, वर्षभरात कुणाचा तरी हेवा वाटल्याचं सुमारे ७९ टक्के स्त्रियांनी आणि ७४ टक्के पुरुषांनी सांगितलं. वय वाढतं तसं हे प्रमाण थोडं उतरतंही. हेवा वाटायचा तो बहुधा आपल्याच वयाच्या, आपल्यासारख्याच माणसाचा.

या वयात शरीराचीही साथ नसते. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७च्या सुमारास थांबते. आधीची काही वर्षं इस्ट्रोजेन हे स्त्रियांच्या शरीरातलं संप्रेरक वरखाली होतं, रात्री घामाने जाग येते. झोपेचं महत्त्व मॅथ्यू वॉकर यांच्या गटाच्या २००७च्या प्रयोगात दिसलं: सुमारे ३५ तास जागलेल्यांचा अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग, नकोशी चित्रं बघून ६० टक्के जास्त उसळला. तरीही बाईचं प्रत्येक दुखणं ‘पाळी जायचं वय आहे’ म्हणून उडवून लावणं मला अजिबात मान्य नाही. झोप नसली की सहन करण्याची ताकद कमी होते, पण मनातला सल खरा असतो.

मराठीने हेवा आणि मत्सर असे दोन शब्द ठेवलेत, हे फार मोलाचं आहे. हेव्यात ‘मलाही मिळावं’ असतं, मत्सरात ‘तिचं जावं’. डच भाषेतही अशी जोडी आहे. नेदरलँड्सच्या नील्स फान दे फेन यांनी २००९ मध्ये दाखवलं की या दोन्ही भावना माणसाला खरोखर वेगवेगळ्या दिशांना नेतात: एक स्वतः वर चढायला लावते, दुसरी समोरच्याला खाली ओढायला. शिवाय भावनेला नुसतं नाव दिलं तरी अमिग्डाला काहीसा शांत होतो, असं मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७च्या प्रयोगात आढळलं.

दिवाळीत चकल्या पाडताना मी जावेला सांगून टाकलं, ‘मला तुझा हेवा वाटला गं, म्हणून आले नाही.’

तिने सोऱ्या खाली ठेवला. ‘मी फोनवर काय चुकीचं बोलले, तेच चार महिने आठवत होते मी, ताई.’