रक्तवायू आणि संप्रेरके: दोन तपासण्यांची पार्श्वभूमी

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या संकलन केंद्रात दिलेला थायरॉईडचा नमुना परगावच्या प्रयोगशाळेत गेला आणि अहवाल दुसऱ्या दिवशी आला, तरी सहसा काही अडत नाही. धमनीतील रक्तवायूंची तपासणी, म्हणजे एबीजी, मात्र खाटेपासून फार लांब नेता येत नाही. कारण सिरिंजमधल्या पेशी ऑक्सिजन वापरतच राहतात आणि हवेचा एखादा बुडबुडा आत राहिला तरी आकडे बदलतात. रुग्णाशी असलेली ही जवळीक या तपासणीला तिच्या जन्मापासूनच आहे.

1952 च्या उन्हाळ्यात कोपनहेगनच्या ब्लेगडाम रुग्णालयात पोलिओने श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण येऊ लागले आणि पहिल्या तीन आठवड्यांत अशा 31 पैकी 27 जण दगावले. त्यांच्या रक्तात एकूण कार्बन डायऑक्साइड फार वाढलेला दिसे, आणि त्याचा अर्थ रक्त अल्कधर्मी झाले असा लावला जाई. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी तो मान्य केला नाही; श्वास अपुरा पडल्यामुळे वायू साठतो आहे आणि रक्त उलट आम्लधर्मी होते आहे, असे त्यांचे म्हणणे होते. 27 ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन, रबरी पिशवी हाताने दाबत त्यांनी तिला श्वास पुरवला आणि ती वाचली. पुढे सुमारे 1500 विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून अशा पिशव्या दाबल्या. रुग्णालयातील प्रयोगशाळेचे प्रमुख पोल अस्ट्रुप यांनी रक्ताची आम्लता दाखवणारा पीएच प्रत्यक्ष मोजला, तेव्हा इब्सेन यांचे निदान खरे ठरले, आणि याच गरजेतून अस्ट्रुप यांनी थोड्या रक्तावर झटपट करता येणारी पद्धत बसवली. ऑक्सिजन मोजण्यासाठी लेलँड क्लार्क यांचा आणि कार्बन डायऑक्साइड मोजण्यासाठी रिचर्ड स्टो यांचा इलेक्ट्रोड, म्हणजे रक्तात बुडवायचा विद्युत-संवेदक, याच दशकात आला. जॉन सेव्हरिंगहाऊस यांनी स्टो यांचा इलेक्ट्रोड सुधारून दोन्ही एकत्र आणले.

हा इतिहास आपल्याला परका नाही. शाहूवाडी किंवा गगनबावड्याकडून मण्यार चावलेला रुग्ण कोल्हापूरच्या सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, आणला जातो, तेव्हा दंशाची जागा जेमतेम दिसते, पापण्या मिटत जातात आणि छातीचे स्नायू थकतात. वाटेत नातेवाईक नाहीतर कर्मचारी ॲम्बू बॅग, म्हणजे हाताने श्वास देण्याची पिशवी, दाबत असतो. रक्तात साठलेला कार्बन डायऑक्साइड किती, हे तिथे एबीजीच सांगते. अहवाल वाचताना गावाची उंचीही ध्यानात ठेवावी लागते. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर हवेचा दाब पाऱ्याच्या 710 मिलिमीटरच्या आसपास असल्याने इथल्या निरोगी माणसाचाही ऑक्सिजनचा आकडा मुंबईपेक्षा थोडा कमीच येतो.

थायरॉईडसारख्या तपासण्यांत मोजल्या जाणाऱ्या संप्रेरकांची, म्हणजे हार्मोन्सची, अडचण निराळी होती. रक्तात ती इतकी अत्यल्प असतात की रासायनिक अभिक्रियेने ती पकडता येत नसत, आणि म्हणून पूर्वी प्राण्यांवर परिणाम पाहून अंदाज बांधला जाई. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये रोझलिन यालो आणि सॉलोमन बेर्सन यांना असे आढळले की इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात त्या इन्सुलिनला धरून ठेवणारी प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार होतात. किरणोत्सारी आयोडीनने खूण केलेले इन्सुलिन आणि रुग्णाचे इन्सुलिन यांच्यात त्याच प्रतिपिंडांवरील जागेसाठी चढाओढ लावून त्यांनी 1959-60 च्या सुमारास रेडिओइम्युनोअसे, म्हणजे आरआयए, सिद्ध केली. यालो यांना 1977 चे नोबेल मिळाले. बेर्सन 1972 मध्येच वारले होते. माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत देखणी कल्पना हीच. पुढे किरणोत्साराची जागा बहुतेक ठिकाणी प्रकाश देणाऱ्या रसायनांनी घेतली, तरी आधार प्रतिपिंडांचाच राहिला, आणि त्यासोबत त्यांच्या मर्यादाही आल्या. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीचा टीएसएच, म्हणजे थायरॉईडला चालना देणाऱ्या संप्रेरकाचा आकडा, काही यंत्रांवर खोटा कमी येतो आणि थायरॉईडचे काम वाढल्याचा आभास होतो, म्हणून नमुना देताना अशा गोळ्यांची माहिती द्यावी.