किंग हत्येमागील कटाचे दावे

अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ रोजी टेनेसी राज्यातील मेम्फिस येथे गोळी घालून हत्या झाली. या गुन्ह्यासाठी जेम्स अर्ल रे याला शिक्षा झाली; मात्र हे कृत्य त्याने एकट्याने केले की त्याच्या पाठीशी कोणी होते, किंबहुना मारेकरी तोच होता का, याविषयी तेव्हापासून साक्षी, आरोप, खटले आणि चौकशी अहवाल यांचा मोठा साठा जमा झाला आहे. त्यातील काही दावे तपासात टिकले नाहीत, तर एका दाव्याची शक्यता खुद्द अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने ग्राह्य धरली, म्हणून या सर्वांना एकाच मापाने मोजता येत नाही.

मेम्फिसमधील सुमारे १,३०० सफाई कामगारांचा संप फेब्रुवारी १९६८ मध्ये सुरू झाला होता. कचरा दाबणाऱ्या गाडीच्या यंत्रात सापडून दोन कृष्णवर्णीय कामगार चिरडले गेले, हे त्याचे निमित्त. या संपाला पाठिंबा देण्यासाठी आलेले किंग लोरेन मोटेलच्या ३०६ क्रमांकाच्या खोलीबाहेरील सज्जात उभे असताना संध्याकाळी ६ वाजून १ मिनिटाने एकच गोळी आली आणि सुमारे तासाभराने रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. समोरच्या बाजूला भाड्याने खोल्या देणारी एक जुनी इमारत होती; गोळी तेथूनच आल्याचे तपासात ठरले. तिच्याजवळच्या एका दुकानाच्या दारात रेमिंग्टन रायफल, दुर्बीण आणि इतर सामान असलेले गाठोडे सापडले. त्यातील वस्तूंवर रेच्या बोटांचे ठसे होते. शरीरातून काढलेल्या गोळीची इतकी मोडतोड झाली होती की ती याच रायफलीतून सुटली असे निश्चित सांगणे तेव्हाही शक्य झाले नाही आणि १९९७ मध्ये पुन्हा घेतलेल्या चाचणीतही झाले नाही.

रे हा एप्रिल १९६७ मध्ये मिसुरीच्या तुरुंगातून पळालेला, चोऱ्या-दरोड्यांत मुरलेला गुन्हेगार. हत्येनंतर तो कॅनडामार्गे लंडनला पोहोचला, तेथून लिस्बनला जाऊन परतला आणि ८ जून १९६८ रोजी हीथ्रो विमानतळावर बनावट नावाच्या कॅनेडियन पारपत्रासह पकडला गेला. १० मार्च १९६९ रोजी त्याने गुन्हा कबूल केला आणि मृत्युदंडाऐवजी त्याला ९९ वर्षांची कैद झाली. मात्र त्या सुनावणीतच त्याने मध्ये बोलून, या प्रकरणात कट नव्हता हे सरकारी मत आपल्याला मान्य नसल्याचे सांगितले आणि तीन दिवसांत कबुलीही मागे घेतली. माँट्रिऑलमध्ये भेटलेल्या ‘राउल’ नावाच्या माणसाने आपल्याला रायफल घ्यायला लावली आणि या प्रकरणात अडकवले, असे तो १९९८ मध्ये मरेपर्यंत सांगत राहिला. कबुलीमुळे पुराव्यांची उलटतपासणी असलेला पूर्ण खटला कधी चाललाच नाही. पुढच्या बहुतेक शंकांचे मूळ या अपुऱ्या राहिलेल्या न्यायप्रक्रियेत आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

दुसरे मूळ अधिक गंभीर आहे. एफबीआयने किंग यांच्यावर पाळत ठेवली होती, हा संशय नसून सिद्ध झालेली गोष्ट आहे. ऑक्टोबर १९६३ मध्ये महान्यायवादी रॉबर्ट केनेडी यांनी त्यांचे दूरध्वनी चोरून ऐकण्यास मंजुरी दिली. पुढे हॉटेलांच्या खोल्यांत ध्वनिग्राहक लपवले गेले. १९६४ मध्ये एफबीआयचे संचालक जे. एडगर हूवर यांनी किंग यांना देशातील सर्वांत कुप्रसिद्ध खोटारडा म्हटले आणि त्याच सुमारास एक ध्वनिफीत व निनावी पत्र किंग यांना पाठवण्यात आले. आत्महत्या करावी, असाच त्या पत्राचा रोख असल्याचे किंग यांनी मानले. सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखालील सिनेट समितीच्या चौकशीत १९७५-७६ मध्ये हे सारे उघड झाले. ज्या संस्थेने एका माणसाला संपवण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्याच संस्थेकडे त्याच्या खुनाचा तपास असावा, ही बाब कृष्णवर्णीय समाजाला कशी पटावी? हा अविश्वास पूर्णपणे समजण्याजोगा आहे. तथापि पाळत व बदनामी यांचा पुरावा हा हत्येचा पुरावा नव्हे, आणि या दोहोंमधील अंतर भरून काढील असा विश्वसनीय दुवा आजवर पुढे आलेला नाही.

प्रतिनिधिगृहाच्या हत्याविषयक निवड समितीने १९७९ च्या अहवालात गोळी रेनेच झाडली, राउलच्या अस्तित्वाला पुरावा नाही आणि कोणत्याही सरकारी यंत्रणेचा हत्येत हात आढळला नाही, असे निष्कर्ष काढले. त्याचबरोबर परिस्थितिजन्य पुराव्यांवरून कट असण्याची शक्यता आहे, असेही तिने म्हटले. सेंट लुईस येथील वर्णद्वेष्ट्या गोऱ्या मंडळींनी किंग यांच्या हत्येसाठी ५०,००० डॉलरचे इनाम देऊ केले होते आणि त्याची खबर रेपर्यंत पोहोचली असावी, असा तिचा तर्क होता. इनाम देऊ करणारे दोघेही तोपर्यंत मरण पावले होते. कटाच्या शक्यतेचा पुरेसा तपास न केल्याबद्दल समितीने एफबीआयला दोष दिला.

डिसेंबर १९९३ मध्ये, ज्या इमारतीतून गोळी आली तिच्या तळमजल्यावर पूर्वी खाणावळ चालवणाऱ्या लॉइड जॉवर्स याने दूरचित्रवाणीवर, आपण या हत्येच्या व्यवस्थेत सामील होतो आणि मारेकरी रे नव्हता, असे सांगितले. रेचे वकील विल्यम पेपर यांनी हा धागा लष्करी गुप्तहेर, पोलीस आणि माफिया यांच्यापर्यंत नेला. किंग यांचे पुत्र डेक्स्टर यांनी १९९७ मध्ये तुरुंगात रेची भेट घेतली व तो निर्दोष असल्याचा विश्वास व्यक्त केला. कुटुंबाने जॉवर्सवर दिवाणी दावा लावला आणि डिसेंबर १९९९ मध्ये मेम्फिसच्या ज्यूरीने जॉवर्स व सरकारी यंत्रणांसह इतर अनेक जण कटात होते असा निर्णय देऊन, कुटुंबाने मागितलेली १०० डॉलरची नाममात्र भरपाई मंजूर केली. हा निर्णय अनेकदा अंतिम सत्य म्हणून उद्धृत केला जातो. परंतु कट झाला होता हे प्रतिवादीच्या वकिलानेही बव्हंशी मान्य केल्याने वादीच्या साक्षीदारांची कसून उलटतपासणी झालीच नाही, हे लक्षात घ्यावे लागते. न्याय विभागाने जून २००० च्या अहवालात जॉवर्सने वेळोवेळी सांगितलेल्या हकिकती परस्परविसंगत असल्याचे दाखवून दिले आणि कटाचा विश्वासार्ह पुरावा नसल्याचे म्हटले. त्याच वर्षी जॉवर्सही वारला.

मोटेलवर नजर ठेवणाऱ्या कृष्णवर्णीय पोलीस अधिकाऱ्याला हत्येपूर्वी हलवणे, तसेच दुसऱ्या दिवशी सकाळी मोटेलसमोरच्या भाड्याच्या खोल्यांच्या इमारतीमागील झुडपे तोडणे, या घटनांचाही दाखला वारंवार दिला जातो. पहिल्या घटनेचे कारण त्या अधिकाऱ्याच्या जिवाला असलेल्या धोक्याची, पुढे चुकीची ठरलेली सूचना हे होते.

एफबीआयच्या पाळतीच्या ध्वनिफिती आणि त्यांचे लिखित उतारे १९७७ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ५० वर्षांसाठी राष्ट्रीय अभिलेखागारात मोहोरबंद करण्यात आले. २१ जुलै २०२५ रोजी अमेरिकी सरकारने हत्येसंबंधी २,३०,००० हून अधिक पृष्ठे खुली केली. किंग यांची हयात अपत्ये मार्टिन तिसरे आणि बर्निस यांनी त्या वेळी ही कागदपत्रे सहानुभूतीने वाचावीत असे आवाहन केले आणि १९९९ च्या ज्यूरीच्या निर्णयाचा पुन्हा उल्लेख केला.