टच न जाणारा स्मार्टफोन : सॉफ्टवेअरमधून दुरुस्ती

स्मार्टफोनच्या पडद्याला बोट लावूनही फोनने दाद न देणे, उशिरा देणे, भलत्याच जागी देणे किंवा बोट न लावताच पडद्यावर आपोआप टच उमटत राहणे, या दोषांवर काच, आतली जोडणीची पट्टी किंवा चिप न बदलता केवळ सेटिंग, रिस्टार्ट, अपडेट आणि रिसेट यांच्या आधारे केलेले उपाय. नाशिककडे ‘टच जात नाही’, ‘फोन हँग झाला’ आणि ‘डिस्प्ले गेला’ हे तिन्ही शब्दप्रयोग सर्रास एकाच अर्थाने होतात. प्रत्यक्षात हे तीन वेगळे दोष आहेत. नेमका कोणता आहे हे ओळखले की निम्मी दुरुस्ती झाली, आणि ते न ओळखता थेट ‘फॉरमॅट मारला’ की फोटो, संपर्क, हिशेब सगळे हकनाक जाते.

बोट ते ॲप

आजच्या बहुतेक फोनचा पडदा कपॅसिटिव्ह प्रकारचा असतो. काचेखाली पारदर्शक वाहक रेषांची आडवी-उभी जाळी असते. ती बहुधा इंडियम टिन ऑक्साइडची असते. बोट जवळ आले की त्या ठिकाणच्या रेषांमधली विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, अगदी किंचित, पिकोफॅरड या अतिसूक्ष्म एककाच्या अंशाइतकी बदलते. टच कंट्रोलर नावाची चिप सगळी जाळी सेकंदाला कित्येक वेळा तपासते आणि बदल कुठे झाला ते ठरवते. ती जागा ड्रायव्हर, म्हणजे चिप आणि सिस्टिम यांना जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममार्फत ऑपरेटिंग सिस्टिमला कळते, आणि सिस्टिम ती समोर उघडलेल्या ॲपकडे पाठवते. या साखळीतली कोणतीही कडी अडली तरी वापरणाऱ्याला दिसते ते एकच : टच जात नाही. ॲपच कामात गुंतले असेल तर पडदा आणि चिप ठणठणीत असूनही फोन मुका वाटतो. अँड्रॉइडवर ॲपने स्पर्शाला ५ सेकंदांत उत्तर दिले नाही, तर ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ अशी पाटी येते. ती पाटी आली म्हणजे पडद्यावर शंका घेण्याचे कारण उरत नाही.

कपॅसिटिव्ह पडद्याची कल्पना ब्रिटनच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमधील ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये मांडली. ती सर्वसामान्यांच्या खिशात आली २००७ च्या आयफोनपासून. त्याआधीच्या आणि नंतरही काही वर्षे चाललेल्या स्वस्त फोनचे पडदे रेझिस्टिव्ह असत. ते दाबावर चालत, आणि त्यांना खरोखरच ‘कॅलिब्रेट’ करावे लागे : कोपऱ्यांतल्या फुल्यांवर एकेक करून टोक टेकवायचे. ‘टच कॅलिब्रेशन’ करून देतो म्हणणारी आजची ॲप त्या जुन्या सवयीवर जगतात. साध्या ॲपला कंट्रोलर चिपच्या आतल्या मोजमापाला हात लावता येत नाही. त्यामुळे अशी ॲप टाकू नयेत. जाहिराती दाखवण्यापलीकडे त्यांतल्या बहुतेकांचा उपयोग नाही, आणि मागितलेल्या परवानग्या मात्र बऱ्याच असतात.

आधीची पारख

पडदा कोरड्या, मऊ कापडाने पुसावा. चार्जर काढावा. कव्हर आणि टेम्पर्ड काच उतरवून पाहावी. मग पॉवर बटण दाबून पडदा बंद-चालू होतो का, घड्याळाचा मिनिट पुढे सरकतो का, आवाजाचे बटण दाबल्यावर पट्टी दिसते का, दुसऱ्या फोनवरून रिंग दिल्यास वाजते का, हे बघावे. घड्याळ थांबलेले आणि बटणेही निकामी असतील तर सिस्टिम अडकली आहे. बाकी सगळे जिवंत आणि फक्त बोटाला दाद नाही, तर दोष टचच्या वाटेवर आहे. वरचा अर्धा भाग चालतो, खालची एक पट्टी मेलेली आहे, असे असेल तर तो बहुधा जाळीचा किंवा जोडणीचा दोष असतो, आणि त्यावर सेटिंगमध्ये कितीही वेळ घालवला तरी उपयोग होत नाही.

अडकलेल्या सिस्टिमवर पहिला उपाय सक्तीचा रिस्टार्ट. त्याला टच लागत नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण १० ते २० सेकंद एकत्र दाबून धरावे लागते. काहींवर नुसते पॉवर बटण पुरते. आयफोन ८ व त्यानंतरच्या मॉडेलांवर आवाज वाढवण्याचे बटण दाबून सोडायचे, कमी करण्याचे दाबून सोडायचे, आणि मग बाजूचे बटण ॲपलचे चिन्ह येईपर्यंत धरून ठेवायचे. यात माहिती पुसली जात नाही. घरातल्या ज्येष्ठांना ही एवढी एक गोष्ट शिकवून ठेवली तरी दुकानाच्या निम्म्या खेपा वाचतात असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

बिघाड नसलेला बिघाड : टॉकबॅक

दृष्टिहीनांसाठी अँड्रॉइडमध्ये ‘टॉकबॅक’ आणि आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ ही सोय आहे. ती चालू असताना एकदा बोट टेकवले की फोन त्या जागेवर काय आहे ते वाचतो आणि भोवती चौकट काढतो, पण उघडत काहीच नाही. उघडण्यासाठी दोनदा टिचकी मारावी लागते आणि पडदा सरकवायला अँड्रॉइडवर दोन, तर आयफोनवर तीन बोटे लागतात. ज्याला ठाऊक नाही त्याला हा टच बिघडल्यासारखाच वाटतो. शॉर्टकट सुरू असलेल्या अँड्रॉइड फोनवर आवाजाची दोन्ही बटणे तीनेक सेकंद एकत्र दाबली गेली की टॉकबॅक आपोआप लागतो. पिशवीत किल्ल्यांबरोबर कोंबलेला, बंडीच्या खिशात दाबला गेलेला किंवा नातवंडाच्या हातात दिलेला फोन असाच ‘बिघडतो’. आजी घाबरून सांगतात, ‘अरे, फोन आपला आपणच बोलायला लागलाय आणि काही उघडतच नाही.’ त्या वाक्यातच निदान आहे. आवाजाची तीच दोन बटणे पुन्हा तीन सेकंद धरली की बहुधा सगळे पूर्ववत होते. आयफोनवर ॲक्सेसिबिलिटी शॉर्टकट लावलेला असेल तर बाजूचे बटण (होम बटण असलेल्या मॉडेलांवर होम बटण) लागोपाठ तीनदा दाबावे. ही सोय मुळात ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या दृष्टीने ती अमूल्य आहे. म्हणून दुसऱ्याच्या फोनवर ती चालू दिसली, तर बंद करण्यापूर्वी एकदा विचारावे.

याच जातीचे आणखी काही : आयफोनच्या ‘टच ॲकोमोडेशन्स’मध्ये ‘होल्ड ड्युरेशन’ वाढलेले असणे, किंवा अँड्रॉइडच्या ‘टच अँड होल्ड डिले’मध्ये मोठा अवधी निवडलेला असणे. थरथरत्या हातांसाठी या सोयी असतात, चुकून लागल्या की फोन मंद वाटतो.

पडद्यावर पसरलेली ॲप

डोळ्यांना निळा प्रकाश लागू नये म्हणून घेतलेले फिल्टर, तरंगते गोळे, कॉल रेकॉर्डिंगची पट्टी, अशी ॲप इतर सगळ्या ॲपवर एक अदृश्य पदर पसरतात. २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये असा पदर असेपर्यंत परवानगीचे बटण दाबलेच जात नसे आणि ‘स्क्रीन ओव्हरले आढळला’ अशी सूचना येई. अँड्रॉइड १२ पासून अनोळखी पदराखालून जाणारे स्पर्श सिस्टिम स्वतःच अडवते. हे सुरक्षिततेसाठीच आहे : नाहीतर पैसे पाठवण्याच्या बटणावर दुसरेच चित्र झाकून फसवता येईल. परंतु वापरणाऱ्याला कळते इतकेच की एकाच जागी बोट लागत नाही. दोष एखाद्या ॲपमध्येच किंवा एखाद्याच बटणावर असेल तर ‘इतर ॲपवर दिसू द्या’ ही परवानगी कोणाकोणाला दिली आहे ते तपासावे.

हे सेफ मोडमध्ये सर्वांत सहज कळते. सेफ मोडमध्ये बाहेरून टाकलेली ॲप चालत नाहीत. पॉवर मेनूतील ‘पॉवर ऑफ’ दाबून धरून तिकडे जाता येते. टच चालतच नसेल तर अनेक फोनवर सुरू होताना कंपनीचे चिन्ह दिसल्यावर आवाज कमी करण्याचे बटण धरून ठेवतात. तिथे टच नीट चालला तर दोषी कोणते तरी ॲप आहे. शेवटी टाकलेल्यापासून एकेक काढत यावे.

द्राक्षबाग, थंडी, पाऊस

नाशिक जिल्ह्यात टचच्या तक्रारींना ऋतूंचा संबंध आहे, आणि तो कारणासकट समजण्याजोगा आहे. पावसाळ्यात ओला पडदा किंवा गंगेवर, म्हणजे गोदावरीकाठी, रामकुंडापाशी ओल्या हाताने काढायचा फोटो : पाण्याचा थेंब वाहक असल्याने कंट्रोलरला तो बोटासारखा वाटतो आणि आपोआप टच होतो. फोन पुसून कोरडा केला की बरा होतो. हिवाळ्यात निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली उतरलेला अनेकदा दिसतो. अशा सकाळी कोरड्या पडलेल्या, भेगाळलेल्या बोटांचा काचेशी विद्युतसंबंध कमी जुळतो. छाटणी, बांधणी करून घट्टे पडलेल्या हातांचे तर बाराही महिने तसेच. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतच्या बागांमध्ये घडांचे डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणे) किंवा फवारणी करताना रबरी हातमोजे असतात. रबर वीजवाहक नसल्याने आणि बोट काचेपासून दूर राहिल्याने फोनला स्पर्श जाणवत नाही. बागेत राबणाऱ्या माणसाचा फोन त्या वेळी वाजला की हातमोजा काढण्यावाचून गत्यंतर नसते.

इथे सेटिंगचा खरा उपयोग होतो. सॅमसंगच्या फोनवर ‘डिस्प्ले’मध्ये ‘टच सेन्सिटिव्हिटी’ आहे. पिक्सेलवर ‘स्क्रीन प्रोटेक्टर मोड’ किंवा नव्या मॉडेलांवर ‘ॲडॅप्टिव्ह टच’, इतर काहींवर ‘ग्लोव्ह मोड’. हे चालू केल्यावर कंट्रोलर अधिक क्षीण बदलही स्पर्श म्हणून मानतो. जाड टेम्पर्ड काच, कोरडी बोटे, पातळ हातमोजे यांना त्याने फरक पडतो. जाड रबराला नाही. त्याची किंमत अशी की पाण्याच्या थेंबांनी किंवा खिशातल्या घर्षणाने होणारे खोटे टच वाढतात, म्हणून जूनमध्ये ही सेटिंग बंद केलेलीच बरी. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यात ई-पीक पाहणीची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर, शेतात उभे राहून करायची आहे. बांधावर टच अडून बसला तर काय होते, हे त्या दिवशी उभ्या राहिलेल्यालाच कळते. तिथे निघण्यापूर्वी ही एक सेटिंग बघून ठेवावी.

चार्जिंगला लावल्यावरच पडदा नाचतो, अक्षरे आपोआप उमटतात, असे असेल तर दोष सॉफ्टवेअरचा नसतो. निकृष्ट चार्जरमधून किंवा अर्थिंग नसलेल्या बोर्डावरून येणारा विद्युत गोंगाट कंट्रोलरच्या बारीक मोजमापात मिसळतो. पिन काढून पाहिली की खात्री पटते.

माउस लावून वाट काढणे

टच पूर्ण मेला आहे आणि आत महत्त्वाचा मजकूर अडकला आहे, अशा वेळी सर्वांत उपयोगी साधन म्हणजे साधा संगणकाचा माउस. यूएसबी होस्टची, म्हणजे फोनला बाहेरचे यूएसबी साधन जोडून वापरण्याची सोय अँड्रॉइडमध्ये ३.१ पासून आहे. ओटीजी जोडणी (फोनच्या चार्जिंगच्या खाचेत यूएसबी साधन बसवणारी छोटी जोडपिन) लावून माउस टोचला की पडद्यावर बाण येतो आणि कुलूप उघडण्यापासून बॅकअप घेण्यापर्यंत सगळे करता येते. सर्वच फोन ओटीजी स्वीकारतात असे नाही, तरी रिसेट करण्याच्या आधी हा प्रयत्न न करणे ही फार मोठी चूक आहे. व्हॉट्सॲपचा बॅकअप, फोटो, मालविक्रीच्या हिशेबपट्ट्यांचे फोटो आधी बाहेर काढावेत. आयफोनवर माउस चालवायला ‘असिस्टिव्हटच’ आधीच सुरू असावे लागते.

माउसने आत शिरल्यावर ‘अबाउट फोन’मधील बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडावेत आणि ‘पॉइंटर लोकेशन’ चालू करावे. मग बोटाने पडदाभर उभ्या-आडव्या रेघा ओढाव्यात. सिस्टिमला बोट जिथे कळते तिथे रेघ उमटते, जिथे कळत नाही तिथे तुटते. रेघ सगळीकडे अखंड असेल तर टच ठीक आहे आणि दोष सॉफ्टवेअरचा आहे. प्रत्येक वेळी एकाच पट्ट्यात तुटत असेल तर तो पडद्याचा दोष. हा निकाल फोटो काढून जवळ ठेवावा.

रिसेट आणि सॉफ्टवेअरची हद्द

अंतर्गत जागा काठोकाठ भरलेली असेल तर ती मोकळी करावी, सिस्टिम अपडेट असेल तर करावे. रिकव्हरी मोडमध्ये, म्हणजे सिस्टिम सुरू होण्याआधीच्या दुरुस्तीच्या मेनूत, आवाजाच्या बटणांनी फिरता येते, त्यामुळे तिथे टचची गरज पडत नाही. जुन्या मॉडेलांवर ‘वाइप कॅश पार्टिशन’ हा पर्याय असतो आणि त्याने वैयक्तिक माहिती जात नाही. त्याच यादीत शेजारी ‘वाइप डेटा’ आहे, ते मात्र सगळे पुसते. दोन्ही ओळी एकमेकींना लागून असतात, म्हणून वाचूनच पॉवर बटण दाबावे. शिवाय अँड्रॉइड ५.१ पासून असा रिसेट केल्यावर फोन पूर्वीचे गूगल खाते विचारतो. पासवर्ड आठवत नसेल तर चालू टच असूनही फोन उघडत नाही.

सॉफ्टवेअर पडद्याला मारूही शकते आणि जिवंतही करू शकते, याचे ठळक उदाहरण २०१८ चे आहे. मार्चमध्ये आलेल्या आयओएस ११.३ नंतर बाहेरचा पडदा बसवलेल्या काही आयफोन ८ चा टच बंद पडला. एप्रिलमधील ११.३.१ ने तो परत आला. उलट बाजूने आयफोन ६ प्लसमध्ये टच चिपची जोडणी सैल होत असे. तिथे कोणत्याही अपडेटने भागले नाही, आणि ॲपलला २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये त्यासाठी वेगळी दुरुस्ती योजना काढावी लागली.

पॉइंटर लोकेशनची रेघ तुटत असेल तर कॉम्बो, म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले एकत्र बदलावा लागतो. नाशिकमध्ये त्यासाठी एमजी रोडवरच्या प्रधान पार्कसारख्या मोबाइल बाजारात जातात. काउंटरवर रेघेचा फोटो दाखवावा आणि ‘सॉफ्टवेअर मारू नका (म्हणजे फोन पुसून सॉफ्टवेअर नव्याने टाकू नका), डेटा हवा आहे’ असे फोन हातातून सोडण्यापूर्वी सांगावे. नवा पडदा बसल्यावर टेम्पर्ड काच लावण्याआधीच, तिथेच काउंटरवर, तीच रेघ पुन्हा ओढून पाहावी.