क्लीनरची रिकामी सीट

माझा मावसभाऊ सोळा वर्षं ट्रकवर आहे. कळंबोलीला लोखंड भरायचं, बंगळूरला गाडी खाली करायची आणि तिकडून मिळेल तो माल घेऊन परत यायचं. काही वर्षांपूर्वी हौसेने मी त्याच्याबरोबर साताऱ्यापर्यंत गेलो होतो. गप्पा रंगल्या होत्या, पण खंबाटकीचा चढ लागला तसा मी आपोआप गप्प झालो. पुढे एक कंटेनर धापा टाकत होता, मागून एसटी हॉर्न देत होती. घाट उतरल्यावर दादा हसून म्हणाला, "आमचा क्लीनर पण बरोब्बर इथंच गप्प बसायचा."

आता त्याच्या गाडीवर क्लीनर नाही. भाड्यात परवडत नाही, आणि पोरंही या कामाला यायला राजी नसतात. त्या सीटवर आता पाण्याचा कॅन, चादर आणि बिल्ट्यांची फाईल असते. सोबत गेली तसं घाटात गप्प बसणारं माणूसही गेलं.

या गप्प बसण्यावर चक्क प्रयोग झालाय. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर लोकांना बसवलं आणि हायवेवरून ठरलेल्या ठिकाणी बाहेर वळायला सांगितलं. निष्कर्ष 2008 साली छापून आले. शेजारी बसलेल्या मित्राशी बोलणारे बहुतेक जण बरोबर वळले, पण फोनवर बोलणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे सरळ पुढे निघून गेले. कारण साधं आहे. शेजारच्याला रस्ता दिसतो. गर्दी वाढली की तो बोलणं आवरतं घेतो, कधी "अरे, वळण आलं" म्हणतो. फोनवरच्या बायकोला घाट कुठून दिसणार? आणि ब्लूटूथ लावल्याने हे बदलत नाही, कारण अडकलेला असतो तो मेंदू.

मग ड्रायव्हरने बोलायचंच नाही का? तसं सांगणं म्हणजे भुकेल्याला 'जेवू नकोस' म्हणण्यासारखं आहे. ही तुलना मी उगाच करत नाही. शिकागो विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो म्हणत, एकटेपणा हा भूक-तहानेसारखाच शरीराने दिलेला इशारा आहे. कळपापासून तुटलेल्या माणसाचा जीव धोक्यात असायचा, म्हणून माणसांत परत जायला लावणारी ही कळ उत्क्रांतीत टिकली. पुढे एमआयटीमध्ये 40 जणांना एक दिवस 10 तास माणसांवाचून, फोनवाचून ठेवलं आणि दुसऱ्या एका दिवशी 10 तास उपाशी. उपाशी माणसाला जेवणाचे फोटो दाखवल्यावर मध्यमेंदूचा जो भाग जागा झाला, तोच एकट्या ठेवलेल्या माणसाला हसत-बोलत बसलेल्या लोकांचे फोटो दाखवल्यावर जागा झाला. हे निष्कर्ष 2020 सालचे.

दादा हे ऐकून म्हणाला, "पण मला तर दिवसभर माणसंच भेटतात." खरंय. वजनकाट्यावरचा माणूस, हमाल, पंक्चरवाला, आरटीओ. यातला एकही त्याला नावाने ओळखत नाही. रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञाने 1973 सालीच हे दोन एकटेपण वेगळे काढले होते: जिवाचं माणूस जवळ नसण्याचं एक आणि चार ओळखीच्यांची संगत नसण्याचं दुसरं. लाईनवरच्या ड्रायव्हरच्या वाट्याला दोन्ही येतात.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते याच्या पुढचं. तुटलेला प्राणी सावध झोपतो. कॅसिओपोंच्या पाहणीत एकट्या पडलेल्या माणसांची झोप तासांनी कमी नव्हती, पण मधेमधे मोडत होती. त्यात ड्रायव्हर डिझेलची चोरी आणि ताडपत्रीचा दोर यांच्याकडे एक कान ठेवूनच झोपतो. दुसऱ्या दिवशी ही अर्धवट झोप स्टिअरिंगवर बसते. शिवाय सावध मेंदूला समोरच्याच्या चेहऱ्यात आधी राग दिसतो. वहिनी सांगतात, "आठ दिवसांनी घरी येतात आणि पहिला तास नुसते खेकसतात. गॅसची टाकी संपली म्हटलं तरी त्यांना टोमणा वाटतो." पूर्वी त्या रुसायच्या, तो जास्तच आत मिटायचा. आता तो तास त्या चहा देऊन सोडून देतात.

उपायांत आवाजाला तोड नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठात लहान मुलींना आधी अनोळखी लोकांपुढे गणितं आणि भाषण करायला लावून ताण दिला, मग आईशी संपर्क करू दिला. फोनवर आईचा आवाज ऐकलेल्यांचं ताणात वाढणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक उतरलं, जिव्हाळ्याशी जोडलेलं ऑक्सिटोसिन वाढलं. नुसत्या टाइप केलेल्या मेसेजने यातलं काहीच झालं नाही. प्रयोग छोटा आणि मुलींवरचा आहे, पण 'गुड मॉर्निंग'च्या फुलांनी पोट का भरत नाही, याचा अंदाज येतो.

परक्यांशी चार शब्दही कामाला येतात. शिकागोच्या लोकलमध्ये शेजाऱ्याशी बोलायला सांगितलेल्या प्रवाशांचा प्रवास इतरांपेक्षा सुखाचा झाला. आधी लोकांचा अंदाज मात्र उलटा होता. आपल्याकडे मात्र फास्टॅगने टोलवरचं बोलणं संपवलं. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. उन्हाळ्यात हे वरदानच, पण काच मात्र बंद राहणार.

दादाने आता कराडच्या अलीकडचा एक ढाबा ठरवून टाकलाय, दोन रुपये महाग असला तरी. तिथला पोऱ्या त्याला बघितलं की न विचारता कांदा जास्त टाकतो. जेवण झालं की दादा मुलीला फोन लावतो. ती सातवीत आहे. फोन उचलला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "पप्पा, गाडी उभी आहे ना?" मागे इंजिनचा आवाज आला, तर ती काही न बोलता फोन ठेवून देते.